मधल्या घराचं छप्पर

'तात्पुरता निवारा' या दोन शब्दांतला पहिला शब्द अंदाजपत्रकात शिरला की दुसऱ्याची किंमत आपोआप घसरते. लोखंडी सांगाडा, वर पन्हळी पत्रा, बाजूला पत्रा, खाली कोबा, आत एक दिवा आणि एक पंखा एवढ्यात विषय संपतो. हे ज्यांच्यासाठी बांधलं जातं त्यांची यादी मात्र लांब आहे. दरडीखाली गाव गेलेली कुटुंबं, कृष्णेच्या पुरातून बाहेर काढलेली माणसं, धरणग्रस्त, हंगामापुरते आलेले ऊसतोड मजूर, नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई, अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून बालगृहातून अनुरक्षणगृहात आलेला मुलगा, शिक्षेची शेवटची वर्षं खुल्या वसाहतीत काढणारा कैदी. या सगळ्यांचं एक घर मागे सुटलेलं असतं आणि पुढचं अजून आलेलं नसतं. मी त्याला मधलं घर म्हणतो. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात या घरांचे आराखडे आणि अंदाजपत्रकं करताना एक गोष्ट वारंवार समोर येत गेली आणि तीच इथे मांडायची आहे. ऊर्जा वाचवणारी, हवामानाला धरून केलेली रचना ही पक्क्या घराची चैन आहे, मधल्या घरात ती परवडत नाही, असं आपण धरून चालतो. माझ्या मते हिशोब अगदी उलटा आहे. पक्क्या घराचा मालक उकाडा झाला तर झाड लावतो, पडवी काढतो, खिडकी फोडतो, कूलर आणतो. मधल्या घरातल्या माणसाला यातलं काहीच करता येत नाही. भिंतीला खिळा ठोकायलाही परवानगी लागते. म्हणून बांधणाऱ्याने जे केलं नाही त्याची किंमत तो वीजबिलात भरत नाही, झोपेत भरतो. आधाराची गरज असलेल्या माणसाची झोप मोडणारं घर आधार कसा देणार?

पहिला आक्षेप ठरलेला असतो: दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे, एवढा विचार कशाला. दोन-चार महिन्यांत सुटलेला प्रश्न क्वचितच सापडतो. माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेलं आणि नव्या माळीणचं लोकार्पण एप्रिल २०१७मध्ये झालं. शासनाने त्यातल्या त्यात लक्ष घालून केलेलं हे काम, तरी मधे दोन पुरे उन्हाळे गेले आणि तिसरा सुरू झाला होता. किल्लारीच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये कुटुंबांनी कित्येक वर्षं काढली. मुंबईतल्या म्हाडाच्या संक्रमण शिबिरांत लोकांच्या पिढ्या वाढल्या. तिथे 'संक्रमण' या शब्दाचा अर्थच बदलून गेला. कोयनेच्या शिवसागर जलाशयात गावं गेली त्याला साठ वर्षं उलटली, आणि त्या धरणग्रस्तांची आंदोलनं अजूनही पाटण-सातारा रस्त्यावर दिसतात. बाहेरच्या जगातही वेगळं नाही. जॉर्डनमधली झातारी छावणी २०१२ साली तंबूंची म्हणून उभी राहिली आणि पाच वर्षांनी तिच्यासाठी १२.९ मेगावॉटचा सौरप्रकल्प उभारावा लागला, म्हणजे तोवर ती नगरच झाली होती. तेव्हा मधल्या घराचा आराखडा करताना निदान तीन उन्हाळे आणि तीन पावसाळे धरून चाललं पाहिजे. कागदावर मुदत किती आहे याने पत्रा कमी तापत नाही.

आता हवामानाकडे बघू, कारण इथेच नमुना-आराखड्याचा पाय घसरतो. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे, तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला म्हसवड-दहिवडी, तिथे पाचशेही भरत नाही. सह्याद्रीच्या कड्यापासून माणदेशापर्यंत मोटारीने तीन-चार तासांचं अंतर, आणि तेवढ्यात घराने काय करायला हवं याचं उत्तर पूर्ण फिरतं. पाटण-जावळीच्या डोंगरात छप्पर उतरतं हवं, वळचण लांब हवी, भिंतीला ओल लागू नये म्हणून जोतं उंच हवं आणि आतली दमट हवा बाहेर जायला वाट हवी. तिथले लोक पावसाळ्याआधी गवताचे पडदे बांधून भिंती झाकतात, ते उगीच नाही. माण, खटाव, आटपाडी, जतमध्ये दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारवा यांत मोठी तफावत असते. तिथे जुनी घरं धाब्याची होती: जाड भिंत, वर माळवद, त्यावर पांढऱ्या मातीचा थर, भिंतीत वर छोटे झरोके. दुपारचं ऊन त्या मातीतून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होत असे, आणि तोवर माणसं माळवदावर झोपायला गेलेली असत. या दोन टोकांना एकच शेड पुरवायची आणि तिला 'जिल्ह्यासाठी मंजूर नमुना' म्हणायचं, ही कार्यालयाची सोय झाली. ती समजण्यासारखी आहे, आपत्तीत वेळ नसतो. पण आपत्ती येण्याआधीची वर्षं असतातच की. दरडप्रवण वस्त्यांच्या, पूररेषेतल्या गावांच्या याद्या तयार असतात. मग दोन नमुने तयार ठेवायला कोणती आपत्ती आडवी येते?

या सगळ्यात पैसा एकाच ठिकाणी घालता येणार असेल तर तो छपरात घालावा. एकमजली छोट्या खोलीत ऊन सर्वांत जास्त छपरातून उतरतं. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा भिंतींवर ते तिरकं पडतं आणि छपरावर सरळ. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' काढली. तिच्यात छपरातून किती उष्णता झिरपू द्यायची याची मर्यादा आहे: दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना, १.२ वॉट. उघड्या पत्र्याचा हाच आकडा सात वॉटच्या आसपास येतो, म्हणजे जवळजवळ सहापट. पण ही संहिता लागू होते पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या इमारतींना. ज्यांच्याकडे वातानुकूलन यंत्र आहे त्यांच्या छपराला नियम आहे, आणि ज्यांच्याकडे एक पंखा आहे त्यांच्या छपराला काहीच नाही. संहिता करणाऱ्यांचा तर्क मला कळतो, जिथे वीज जास्त जळते तिथे आधी वेसण घालायची. फक्त त्या तर्काने मधलं घर हिशोबाबाहेर राहतं, कारण तिथे वीज जळतच नाही, माणूस तापतो.

भर उन्हात पत्रा साठ अंशांपुढे सहज जातो आणि त्याची धग थेट खाली, डोक्यावर आणि खांद्यावर उतरते. अशा वेळी पंखा लावला तर तो छपराजवळची तापलेली हवाच खाली ढकलतो. पत्र्याखाली हातभर अंतरावर तट्ट्याचं छत बांधलं, आढ्याला आणि वळचणीला फटी ठेवून मधली तापलेली हवा बाहेर काढली, तर झिरपणारी उष्णता निम्म्याखाली येते. तट्ट्यावर दोन इंच पेंढा किंवा पाचट दाबून भरलं आणि खालून मातीचा लेप दिला की आपण संहितेच्या आकड्याच्या आसपास पोचतो, आणि यात परदेशातून आणायचं काही नाही. अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. पाचटाला आग लागते, उंदीर शिरतात, उंदरामागे साप येतो. म्हणून वायर नळीतूनच नेली पाहिजे, लेप दर वर्षी तपासला पाहिजे, आणि चूल त्या छताखाली नको. पांढरा रंग हा त्याहून स्वस्त उपाय. अहमदाबादने २०१३मध्ये उष्णता कृती आराखडा केला, पुढे गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करायचं काम हाती घेतलं; तेलंगणाने २०२३मध्ये थंड छपरांचं धोरणच जाहीर केलं. आपल्याकडे मात्र एक बारकावा नेहमी निसटतो. चुना स्लॅबवर किंवा सिमेंटच्या पत्र्यावर धरतो, जस्ताच्या पत्र्यावर पहिल्या वळवातच निघून जातो. तिथे आधी अस्तर देऊन मग पांढरा रंग लावावा लागतो. 'चुना मारला होता, उपयोग झाला नाही' असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा तो चुकीच्या छपरावर मारलेला असतो. आणि पंखा घ्यायचाच तर कमी वॉटचा घ्यावा: पंचाहत्तर वॉटचा पंखा चौदा तास फिरला की दिवसाला एक युनिट खातो, अठ्ठावीस वॉटचा निम्म्याहून कमी. ज्या शेडच्या बिलावरून ग्रामपंचायत आणि महसूल खातं यांच्यात पत्रव्यवहार चालतो, तिथे हा फरक वीज तोडली जाण्यात आणि चालू राहण्यात असतो.

पश्चिमेकडे उकाड्यापेक्षा आवाज हा छपराचा मोठा दोष आहे, आणि तो कोणत्याही मोजमाप पुस्तिकेत येत नाही. जुलै २०२१मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. अशा गावांतल्या लोकांना आधी शाळांमधून ठेवतात आणि मग शेडचा विचार सुरू होतो. त्या भागात उघड्या पत्र्यावर पाऊस चार महिने वाजतो. त्याखाली शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. घरातली माणसं गेल्यावर बोलणं हाच ज्यांचा उपचार आहे त्यांना आपण अशा जागी ठेवतो जिथे बोलता येत नाही. मुलांनी अभ्यास करावा म्हणतो आणि तोंडी पाढाही ऐकू येत नाही. शिवाय डोंगराचा आवाज कानावर पडणं ही तिथे जीवन-मरणाची बाब आहे. रात्री वर काही सरकतंय का, हे कान देऊन ऐकणारी माणसं ती. माणदेशात जे तट्ट्याचं छत उष्णता अडवतं तेच इथे आवाज अडवतं, फक्त ओल लागून बुरशी येऊ नये म्हणून इथे त्यात पेंढा भरायचा नाही, हवा खेळती ठेवायची.

आधार आणि घराची रचना या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे दाखवणारा सर्वांत जुना दाखला याच पट्ट्यात आहे. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी १९३९च्या सुमारास ही कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. त्याच सुमारास संस्थानाने गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार रयतेच्या हाती देणारी राज्यघटना स्वीकारली होती. वसाहत त्याच विचाराची धाकटी बहीण. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. आटपाडी १९४९मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात गेली आणि १९६०मध्ये त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. म्हणजे या एका प्रयोगाचं डोकं एका जिल्ह्यात आणि पाय दुसऱ्यात. गदिमांनी लिहिलेला आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली काढलेला 'दो आँखें बारह हाथ' यावरच बेतला होता. चित्रपटात लोकांना नैतिक बळ दिसलं. मला त्यामागची वास्तुरचना दिसते. तिथे तट नाही, कैदी शेती करतो आणि मुख्य म्हणजे कुटुंबासह राहतो. तुरुंगाची इमारत ही बांधकामातली एक अत्यंत खर्चीक गोष्ट आहे: उंच भिंती, बुरूज, रात्रभर जळणारे दिवे, चोवीस तासांचा पहारा, शेकडो माणसांचा एकत्र स्वयंपाक. यातलं बरंचसं स्वतंत्रपुरात गळून पडतं. जे दार आतून उघडतं त्याला पहारेकऱ्याचा दिवा लागत नाही. बाई आपल्या चुलीवर आपल्या घरापुरतं रांधते, अंगणात सावली धरते, परड्यात भाजी लावते. फ्रीडमन हे पूर्वी बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्याचे प्रमुख होते, विजेच्या यंत्रांत हयात घालवलेला माणूस, आणि त्याने उभारलेल्या तुरुंगात यंत्र जवळजवळ नाहीच. यावर कोणी म्हणेल की स्वतंत्रपूर हा निवडक कैद्यांचा, छोट्या संख्येचा प्रयोग आहे, तो हजारोंना लागू करता येत नाही. ते खरं आहे. तटाशिवायचा तुरुंग सगळ्यांसाठी चालणार नाही. माझा मुद्दा तटाचा नाही, ताब्याचा आहे. राहणाऱ्याच्या हाती घराचं काहीतरी सोपवलं की घर कमी ऊर्जेत चालतं, कारण दिवसभरात शंभर लहान गोष्टी, झडप उघडणं, पडदा ओढणं, अंगणात पाणी शिंपडणं, बाज सावलीत सरकवणं, या तो स्वतः करतो. हे काम करणारी यंत्रणा विकत घ्यायला गेलं तर फार महाग पडते.

हाच ताबा महिलांच्या निवासांत उलट्या बाजूने दिसतो. पूर्वीची स्वाधार गृहं आता मिशन शक्तीखाली 'शक्ती सदन' झाली. कागदावर त्यांच्या खोल्यांना खिडक्या पुरेशा असतात, समोरासमोर असतात, नियमात बसतात. प्रत्यक्षात त्यातल्या रस्त्याकडच्या खिडक्या बंद असतात. हिंसेतून सुटून आलेली बाई रात्री रस्त्याकडची खिडकी उघडी टाकत नाही, टाकूही नये. मग आराखड्यात मोजलेला वारा खोलीत कधी येतच नाही आणि पंख्यावर पंखे वाढत जातात. यावर उपाय म्हणजे खिडकी वर नेणं. डोक्याच्या वर, छताखाली, जाळीचा पट्टा, जो कायम उघडा राहील आणि ज्यातून कोणी आत डोकावणार नाही. खालची खिडकी आतल्या चौकाकडे. जुन्या वाड्यात नेमकं हेच होतं: रस्त्याला जवळजवळ आंधळी भिंत, आत मोकळा चौक, आणि वारा वरून येऊन चौकातून फिरणारा. वाड्याची ही रचना बायकांना बंद ठेवण्यासाठी होती, असा आक्षेप कोणी घेतला तर तो मला मान्य आहे. पण तेव्हा कडी बाहेरच्याच्या हातात होती. ती आतल्या बाईच्या हातात दिली की तोच चौक वेगळा होतो.

आता सर्वांत गंभीर आक्षेप, ज्याला मी हलक्यात घेत नाही. माती, दगड, धाबं याचं कौतुक करणाऱ्याला या भागात एकच तारीख ऐकवली जाते: ११ डिसेंबर १९६७. कोयनेच्या त्या पहाटेच्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगर आणि आसपासची मातीत रचलेली दगडी घरं पत्त्यांसारखी कोसळली. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीत हेच हजारोंच्या संख्येत घडलं. जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद यांनीच झोपलेल्या माणसांना गाडलं. त्यानंतर लोकांनी स्लॅब मागितला. त्या मागणीला अज्ञान म्हणणारे वास्तुरचनाकार मला उद्धट वाटतात. ज्याने भिंतीखालून आपलं माणूस काढलं त्याला भिंतीच्या थंडाव्याबद्दल व्याख्यान देऊ नये. पण यातून निघणारा निष्कर्ष 'पत्रा किंवा स्लॅब' एवढाच नाही. मारलं ते जड छपराने आणि बांध नसलेल्या दगडाने. छप्पर हलकं ठेवायचं, भिंतींना लाकडाचा, लोखंडाचा किंवा काँक्रीटचा पट्टा फिरवून एकत्र बांधायचं, आणि उष्णता अडवण्याचं काम वजनाकडून काढून हवेच्या पोकळीकडे आणि हलक्या भरावाकडे द्यायचं. कुडाची भिंत, म्हणजे कामट्या विणून त्यावर मातीचा लेप, भूकंपात दगडासारखी कोसळत नाही. ती डोंगरात आजही गोठ्याला असते. घराला नको वाटते, कारण ती गरिबीची खूण मानली जाते. आणि स्लॅबचं म्हणाल तर तो दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर खाली ओकतो. माळवदावर झोपणाऱ्यांच्या पुढच्या पिढीने स्लॅबवर चादर टाकायला सुरुवात केली, ती हौसेने नव्हे, खाली राहवत नाही म्हणून.

सांगलीचा पूर ही मातीविरुद्धची दुसरी साक्ष, आणि इथे मी आक्षेपकाच्या बाजूने उभा आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या पाण्यात कच्ची भिंत विरघळते, पाचट कुजतं, तट्ट्या फुगतात. पूरपट्ट्यात मधलं घर मातीचं करू नये, किंबहुना तिथे वेगळं मधलं घर बांधूच नये. उंचावरची शाळा, मंगल कार्यालय, गोदाम हीच तिथली मधली घरं आहेत, कारण पूर आठ-पंधरा दिवसांत ओसरतो आणि लोक चिखल काढायला परत जातात. मग पैसा कुठे घालायचा? त्या शाळांच्या छपरात, न्हाणीघरांत, पाण्याच्या टाक्यांत, वीज गेल्यावरही चार दिवे आणि मोबाइल चालू ठेवणाऱ्या सौरपट्ट्यांत. हा खर्च पूर नसलेल्या वर्षांतही वाया जात नाही. पोरं त्याच छपराखाली मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा देतात.

सौरपट्ट्यांचं नाव निघालं की चर्चा तिथेच अडकते, म्हणून त्याबद्दल थोडं रोखठोक. तापलेल्या पत्र्यावर सौरपट्टी बसवून खाली पंखा लावणं ही ऊर्जा-बचत नव्हे, ती चूक चालवण्याची सोय आहे. झातारीत सौरप्रकल्पाने वीज आली आणि ती फार मोलाची ठरली, तरी लोखंडी घरं लोखंडीच राहिली. आपल्याकडे याहून बोचरं उदाहरण आहे. कार्तिकापासून होळीपर्यंत सांगली-साताऱ्याच्या साखरपट्ट्यात बीडकडून आलेले ऊसतोड मजूर कोपीत राहतात: बांबू, पाचट, वर ताडपत्री. बाजूला कारखाना त्याच उसाचं बगॅस जाळून वीज करतो आणि ती जाळ्यात विकतो. ज्यांनी तोडलेल्या उसापासून वीज होते त्यांच्या कोपीत अनेकदा उजेड नसतो. कोपीची रचना, खरं सांगायचं तर, वाईट नाही. पाचटाची जाड भिंत थंडीच्या महिन्यांत ऊब धरते, दोन-तीन तासांत उभी राहते, आणि मागे कचरा उरत नाही. तिला उणं आहे ते उजेडाचं, धूर जाण्याच्या वाटेचं, न्हाणीच्या आडोशाचं आणि पाण्याचं. या उणिवा भरण्याची विद्या सातारा जिल्ह्यातच आहे. फलटणला १९६८मध्ये स्थापन झालेली निंबकर कृषी संशोधन संस्था ग्रामीण दिवे, शेगड्या आणि पाण्याच्या बाष्पीभवनाने थंडावा देणाऱ्या साधनांवर काम करत आली आहे. फलटणलाच काम करणाऱ्या 'आरती' संस्थेला पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्रासाठी २००२मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. धुराशिवाय जळणारं इंधन मजुराच्या पायाखालीच पडलेलं असतं आणि आपण ते शेतात पेटवून देतो. या वस्तू कोपीत पोचत नाहीत याचं कारण तंत्रज्ञान नाही. मजूर कोणाचा, मुकादमाचा की कारखान्याचा की शासनाचा, हे ठरत नाही, त्यामुळे दिवा कोणाच्या खर्चात टाकायचा तेही ठरत नाही.

दुष्काळातल्या चारा छावण्यांचं मात्र मला कौतुक वाटतं. २०१२-१३ला आणि पुन्हा २०१८-१९ला माणदेशात माणसं जनावरांबरोबर छावणीत महिनोन्‌महिने राहिली. त्यांची योजना कोणा वास्तुरचनाकाराने केली नव्हती. जनावराला सावली हवी म्हणून उंच जाळी, बाजू पूर्ण मोकळ्या, वाऱ्याच्या दिशेने रांगा, आणि माणसाची बाज त्याच सावलीत. आत शिरल्यावर जाणवतं की पत्र्याच्या शेडपेक्षा ही जागा निवांत आहे. जनावर तापलं तर दूध आटतं, हे सगळ्यांना पटतं. माणूस तापला तर काय आटतं, ते मोजायला आपल्याकडे लिटर नाही.

राहिला तो आक्षेप जो बैठकीत उघडपणे कोणी मांडत नाही, चहाच्या वेळी मांडतो: मधलं घर चांगलं केलं की लोक तिथेच बसतात, आणि कार्यालयही पक्क्या घराचं विसरतं. यात तथ्य आहे, विशेषतः दुसऱ्या भागात. पण लोकांना हलवण्यासाठी त्यांना तापवणं हा पुनर्वसनाचा मार्ग असेल तर तो आपण स्पष्ट लिहावा. माझ्या मते उत्तर साहित्यात आहे. मधल्या घराचा सांगाडा बोल्टाचा करावा, वेल्डिंगचा नको. पत्रे, तट्ट्या, दारं, खिडक्या सुट्ट्या निघाव्यात आणि त्या कुटुंबाच्या नावावर असाव्यात. पंतप्रधान आवास योजनेचं ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं असतं आणि सपाटीच्या भागात त्याला १ लाख २० हजारांचं अनुदान मिळतं. एवढ्यात पडवी बसत नाही, गोठा बसत नाही. मधल्या घराचा सांगाडा सोबत आला तर त्याच पत्र्याखाली पडवी होते, आणि पश्चिमेच्या भिंतीवर सावली पडली की आतल्या खोलीचा उकाडा उतरतो. मग मधल्या घरावरचा खर्च वाया गेला असं म्हणता येत नाही. तो पक्क्या घराचा पहिला हप्ता ठरतो. आज उलट होतं. मुदत संपल्यावर शेड भंगारात लिलाव होते किंवा मोडून पडते, आणि नव्या घरापुढे लोक पुन्हा नवा पत्रा विकत आणून लावतात.

हे सगळं प्रत्यक्षात यायचं तर ते दरसूचीत यावं लागेल, कारण आपल्या कामात ज्याला कलम नाही ते अस्तित्वात नसतं. पत्र्याला कलम आहे, कोब्याला आहे, पांढऱ्या रंगालाही आहे. तट्ट्याच्या छताला, आढ्याच्या फटीला, उंचावरच्या जाळीच्या पट्ट्याला नसलं की कनिष्ठ अभियंता ते एकरकमी बाबीत दाखवतो, लेखापरीक्षक त्यावर शेरा मारतो आणि पुढच्या वेळी तो ते काढूनच टाकतो. त्याचं मी चुकलं म्हणणार नाही, मीही तेच केलं असतं. देखभालीचंही तसंच. छपरावर पांढरा रंग शिमग्याच्या आत लागायला हवा, त्यानंतर ऊन वाढतं आणि पत्र्यावर पाय ठेववत नाही. पण बहुतेक ठिकाणी निधी मार्चअखेर खर्ची पडतो, कामाचे आदेश एप्रिलमध्ये निघतात, आणि रंगारी शेडवर चढतो तो मे महिन्यात, पहाटे सहा ते आठच्या दरम्यान, तेवढ्याच वेळात चढता येतं म्हणून.